औषध मध्येंच कां सुटतें?

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. त्यास आम्हीं चौथ्या इयत्तेंत बेरीज-वजाबाकी शिकविली होती. आतां तो चाळिशी उलटून गेलेला, आमच्याच गांवच्या शिवारांत मजुरी करणारा गृहस्थ आहे. अंगानें पार वाळलेला दिसला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्यास क्षयाची बाधा झाली होती, सरकारी औषध मिळालें होतें, दोन महिने तें त्यानें नेमानें घेतलेंहि होतें, आणि मग सोडून दिलें होतें. आतां खोकला पुन्हां सुरू झाला म्हणून आला होता. कां सोडलेंस, असें विचारतांच म्हणाला, “गुरुजी, ताप गेला, खोकला गेला, भूक लागून रायली. मंग बऱ्या मानसानं गोया कायले खायाच्या?”

हा प्रश्न मूर्खपणाचा नाहीं. दुखणें नाहीं तर औषध नाहीं, हा व्यवहार आपण सर्वच पाळतों. पडसें गेलें कीं काढा बंद, कणकण गेली कीं गोळी बंद. वाचकांपैकीं कितीजणांच्या कपाटांत अर्ध्या उरलेल्या बाटल्या आहेत, तें ज्याचें त्यानें पाहावें. क्षयाचें मात्र निराळें आहे. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो मोठा धूर्त आहे. शरीरांत जे जंतु झपाट्यानें वाढत असतात, ते पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषधाला बळी पडतात. ताप उतरतो, खोकला थांबतो, वजन वाढूं लागतें. परंतु थोडे जंतु जवळ जवळ निद्रिस्त असतात. निजलेल्यावर औषधाचा घाव सहसा बसत नाहीं. ते जसजसे जागे होतील तसतसे मारावे लागतात, आणि त्यास महिने लागतात. म्हणून साध्या क्षयाला सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार द्रव्यें व पुढील चार महिने तीन. मध्येंच थांबलें तर उरलेले जागे होऊन वाढतात, आणि त्यांत औषधाला न जुमानणारे कांहीं असले तर पुढें त्यांचेंच राज्य होतें. असा क्षय मग साध्या औषधानें हटत नाहीं, आणि रोगी खोकतो तेव्हां दुसऱ्याला देतो तोहि तसलाच.

चंद्राला दक्षाच्या शापानें राजयक्ष्मा जडल्याची पुराणकथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. सत्तावीस कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवर प्रीति ठेवल्याचा तो दंड. उ:शाप मिळाला तोहि अर्धाच, म्हणून बिचारा अद्याप पंधरा दिवस भरतो आणि पंधरा दिवस झिजतो. अर्ध्यावर टाकलेल्या औषधाची ती कथा आहे, हें मात्र त्या सायंकाळीं त्या विद्यार्थ्याच्या बरगड्यांकडे पाहतांना प्रथम ध्यानीं आलें.

या रोगाचें औषध घरीं बसून घेतां येतें, ही गोष्ट आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, एके काळीं ती नवलाची होती याचा विसर पडतो. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानेंच गेल्या. वय अवघें एकवीस. जंतु सांपडून पांच वर्षें होत होतीं, पण त्यास मारणारें पहिलें खरें औषध निघावयास आणखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. तोंवर श्रीमंतानें पांचगणीची किंवा मिरजेची आरोग्यधामाची हवा खावी आणि गरिबानें घराच्या कोपऱ्यांत खोकावें, अशी रीत होती. औषधें आलीं तरी, रोग्याला घरीं ठेवून उपचार करतां येईल काय, ही शंका विद्वानांसहि होती. तिचा निकाल आपल्याच देशांत लागला. १९५६ सालीं मद्रास येथें उघडलेल्या संशोधन केंद्रांत १९३ रोग्यांचे दोन भाग पाडले. अर्धे आरोग्यधामांत, जेथें अन्न उत्तम आणि विश्रांति पुरेशी. अर्धे स्वत:च्या घरीं, जेथें अन्न तोकडें, जागा अपुरी आणि कामाची घाई. औषधें दोघांस तींच. वर्षाअखेर दोहोंचा गुण जवळ जवळ सारखा आला, आणि घरीं राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबांत रोग अधिक पसरला असेंहि दिसलें नाहीं. १९५९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि जगभरचीं आरोग्यधामें हळूहळू ओस पडत गेलीं.

मात्र त्याच केंद्रांतील डॉक्टरांना एक दुसरीहि गोष्ट दिसली. घरीं दिलेल्या सर्वच गोळ्या पोटांत जात नसत. म्हणून ते आगाऊ न कळवितां रोग्याच्या घरीं जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, मूत्र तपाशीत. औषध घरीं आलें, त्याबरोबर औषधाची जबाबदारीहि घरीं आली, आणि ती उचलावयाची कोणी हें मात्र ठरलें नव्हतें. चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. आरोग्यधाम मिटलें तेव्हां तिसरा पाद घरच्या मंडळींकडे आला. तो लंगडला कीं पहिले दोन कितीहि धड असले तरी गाडें चालत नाहीं.

सरकारनेंहि नाना उपाय करून पाहिले. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १९९७ पासून कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर, दिवसाआड गोळी गिळण्याची पद्धत आली. २०१७ पासून रोजच्या एकत्रित गोळ्या आल्या, व त्या पुष्कळदां घरच्याच कोणाच्या देखरेखीखालीं घेतल्या जातात. एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या खात्यांत पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये जमा होऊं लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. जगांतील दर चार क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक आपल्या देशांत आहे, तेव्हां हें सारें करणें भागच होतें. औषध सोडणाऱ्याला पूर्वीं दफ्तरांत ‘डिफॉल्टर’ म्हणत, म्हणजे बँकेचा थकबाकीदार! तो शब्द जगाच्या आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं टाकला, हें बरें झालें. आतां ‘पाठपुराव्यांतून सुटलेला’ म्हणतात. या शब्दांत निदान सोडणारा आणि सुटणारा असे दोघे असूं शकतात.

गोरगरिबांचीं कारणें आम्हीं त्या विद्यार्थ्याकडून, त्याच्या शेजाऱ्यांकडून व गांवच्या आशाताईकडून विचारून घेतलीं. बरें वाटलें, हें पहिलें. गोळ्या एका वेळीं तीन किंवा चार, त्याहि मोठ्या, आणि पहिल्या दिवसांत मळमळ. लघवी केशरी होते, ती रक्त समजून कोणी घाबरतो. तो औषधाचा रंग आहे एवढें एक वाक्य पहिल्याच दिवशीं कोणी सांगितलें असतें तर भागलें असतें. वैशाखांत आमच्या जिल्ह्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां ‘औषध गरम पडतें’ म्हणून तें पाऊस पडेपर्यंत फळीवर ठेवलें जातें. दवाखान्यांत गेलें कीं दिवसाची मजुरी बुडते. औषधानें भूक उघडते आणि घरांत भाकरी मोजकी असते. ही अडचण ऐकून तर आम्ही कांहीं वेळ बोलूंच शकलों नाहीं. आणि दारू. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. कागदोपत्रीं येथें थेंब मिळत नाहीं. प्रत्यक्षांत कोठें मिळते हें शाळेंतील पोरहि सांगेल. ‘दारू पिऊन गोळी घेतलीस तर मरशील’ अशी धमकी ऐकली कीं तो मनुष्य गोळी सोडतो, दारू नव्हे. यकृताला दोन्ही मिळून अपाय होतो हें खरें. पण तें डॉक्टरला उघड सांगून, तपासणी करून, औषध चालू ठेवतां येतें. धमकीनें फक्त लपविणें वाढतें. शिवाय दोष नेहमींच रोग्याचा नसतो. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्यें कित्येक प्रांतांत सरकारी केंद्रांवरच या गोळ्यांचा तुटवडा पडला होता. नेमानें येणारा रोगी रिकाम्या हातीं परतला, तर त्याला नेमाचें व्याख्यान कोणत्या तोंडानें द्यावें?

येथवर वाचून कित्येक वाचक म्हणतील, हीं कारणें अज्ञानाचीं व दारिद्र्याचीं. आपल्या सुशिक्षित घरांत त्यांचें काय? आम्हीहि असेंच म्हणत होतों. आतां जें सांगावयाचें तें लिहितांना लेखणी जड होते, पण तें न सांगतां वरील मजुराच्या प्रश्नावर चार शब्द लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत आमच्या सूनबाईस खोकला लागला. सायंकाळीं अंग कढत होई. महिनाभर आम्हीं तुळशीचा काढा केला. शेवटीं छातीचें चित्र काढलें, थुंकी तपासली, आणि निदान झालें. घरीं परतल्यावर पहिलें वाक्य उमटलें तें ‘बाहेर कोणाला सांगूं नका’ असें होतें, आणि तें आमचेंच होतें. उपचाराच्या पत्रिकेंत, देखरेख कोण करणार, या रकान्यांत आम्हीं आपलें नांव दिलें. चाळीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसास हें काम अवघड नव्हतें. गोळ्यांचीं पाकिटें आमच्या ग्रंथांच्या कपाटांत, अमरकोशाच्या मागें ठेवलीं, कारण घरांत येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीं त्या कपाटास हात लावणारा कोणी नाहीं, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. पहांटे स्नान करून ती येई, आम्ही गोळ्या हातावर ठेवीत असूं, पत्रिकेवर खूण करीत असूं. दोन महिन्यांत एकहि खूण चुकली नाहीं. तिचा चेहरा भरला.

वैशाखांत आमच्या धाकट्या कन्येचें लग्न निघालें. घरांत चाळीस माणसें. कपाटाच्या खोलींत नागपुराहून आलेली मंडळी उतरलेली. देवकाच्या दिवशीं पहांटे सूनबाई नेहमींप्रमाणें आली आणि दाराशीं थबकली. आंत विहीणबाईंच्या भगिनी केस विंचरीत होत्या. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं हलक्या आवाजांत म्हटलें, “आठ दिवस राहूं दे, बाळ. पाहुणे जाऊं देत.” ती म्हणाली, “बरें, मामंजी.” आणि अक्षता निवडावयास गेली.

एवढेंच घडलें. कोणी रागावलें नाहीं, कोणी अडविलें नाहीं, पैसा कमी नव्हता, दवाखाना दूर नव्हता. आम्हांस ‘राजयक्ष्मा’ शब्दाची व्युत्पत्ति येत होती आणि औषध कां थांबवूं नये हेंहि डॉक्टरांनीं सांगितलेलें आठवत होतें. आठ दिवसांनीं मांडव उतरला. मग सत्यनारायण, मग मुलीची पाठवणी व परतणें, मग कुलदेवतेची यात्रा. या मुदतींत आशाताई एकदां दारावर येऊन गेल्या. नव्या जांवयांचे वडील ओसरीवर बसले होते. आम्हीं “सूनबाई माहेरीं गेली आहे” असें सांगितलें. ती त्या वेळीं स्वयंपाकघरांत पुरण वाटीत होती. मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिले त्या तोंडानें आम्हीं हें सांगितलें.

आठाचे चोवीस दिवस झाले. ज्येष्ठांत एके सकाळीं आमच्या कुटुंबानें सूनबाईची उशी उन्हांत टाकली, ती घामानें चिंब होती. त्याच दिवशीं आम्ही तिला घेऊन दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरीण आमच्या लेकीच्या वयाची. तिनें पत्रिका उलगडली, चोवीस कोऱ्या चौकटींवरून बोट फिरविलें, आणि विचारलें, “देखरेखीला तुमचंच नांव आहे ना, काका?” आम्हीं होय म्हटलें. त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. थुंकी घेऊन यंत्रांत तपासावयास पाठविली. जंतु मुख्य औषधाला जुमानतात कीं नाहीं हें तें यंत्र सुमारें दोन तासांत सांगतें. ते दोन तास आम्ही दवाखान्याच्या बांकावर बसून रामरक्षा म्हणत होतों. मुंजीपासून मुखोद्गत असलेलें तें स्तोत्र त्या दिवशीं आम्ही दोनदां चुकलों. सूनबाई शेजारीं बसली होती. ती आम्हांसच म्हणाली, “मामंजी, पाणी आणूं का?”

निकाल चांगला आला. जंतु औषधाला जुमानणारे होते. बुडालेले दिवस पुढें जोडून औषध पुन्हां चालू झालें. डॉक्टरीणबाईंनीं एकच गोष्ट बदलली: पत्रिकेवर आमच्या नांवाखालीं आणखी एक नांव लिहविलें, सूनबाईच्या नवऱ्याचें. आणि पाकिटें अमरकोशामागून काढून स्वयंपाकघरांत, चहा-साखरेच्या डब्याशेजारीं ठेवावयास सांगितलीं. ‘जें सर्वांना दिसतें तें चुकत नाहीं,’ असें त्यांचें म्हणणें. घरच्या मंडळींनीं नंतर आपापली तपासणी करून घेतली. कोणास कांहीं निघालें नाहीं.

आमच्या घरांतून औषध सुटलें तें अज्ञानानें नव्हे, दारिद्र्यानें नव्हे. चार पाहुण्यांच्या नजरेला भिऊन सुटलें. दोन महिने नेमानें औषध घेतलेल्या त्या मुलीपासून त्या वेळीं कोणाला फारसा धोकाहि उरला नव्हता. दडविण्याजोगें कांहीं नसतांना आम्हीं दडविलें. वर्ध्यापासून चार कोसांच्या आंत सेवाग्राम आहे. तेथें परचुरेशास्त्री नांवाचे संस्कृत पंडित महारोगानें पीडित होऊन १९३९ च्या सुमारास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांतच, आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वत:च्या हातांनीं त्यांच्या अंगाला मर्दन केलें. ती कुटी आम्हीं शाळेच्या सहली नेऊन किती मुलांना दाखविली! रोग वेगळा, काळ वेगळा. परंतु तो प्रसंग रसभरित सांगणारा मास्तर आपल्याच सुनेच्या गोळ्या कोशामागें लपवीत होता, हा योग आम्हांस अजून बोचतो.

श्रावणांत आणखी एक विघ्न येऊं पाहत होतें. आमच्या वहिनींनीं सोमवारच्या उपवासाला गोळी चालत नाहीं अशी शंका काढली, आणि सूनबाईनें पहिल्या सोमवारीं हात आंखडला. तेव्हां मात्र आम्ही तयार होतों. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रकारांनीं गणल्या आहेत. त्यांत पाणी, मुळें, फळें, दूध आहेत, गुरूचें वचन आहे आणि शेवटीं औषध आहे. तो श्लोक आम्हीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभें राहून अर्थासह म्हटला. वहिनींनीं “असें असेल तर घेऊं दे बाई” म्हणून रजा दिली. आमच्या संस्कृताचा संसारांत उपयोग झाल्याचा हा विरळा प्रसंग होय. ज्या घरांत चातुर्मास, एकादशी, सोळा सोमवार चालतात त्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं हें लक्षांत असूं द्यावें. सुना आपण होऊन विचारीत नाहींत, त्या नुसत्या गोळी टाळतात. भाद्रपदांत गौरी जेवल्या त्याच सुमारास तिच्या पत्रिकेंतली शेवटची चौकट भरली.

त्या सायंकाळीं ओसरीवर बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं ही सारी हकीकत सांगितली. गुरुजींच्या घरींहि असें झालें हें ऐकून तो प्रथम अवाक् झाला, मग मोकळेपणानें हंसला. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यास घेऊन आरोग्यकेंद्रावर गेलों. तपासणी होऊन औषध नव्यानें सुरू झालें आहे. वजन भरलें बेचाळीस किलो, म्हणून गोळ्या तीन. तो रोज सकाळीं कामावर जातांना आमच्या ओट्यावर येतो. सूनबाई त्याला पाण्याचा तांब्या आणि भाकरी देते आणि चौकटींत खूण करते. आज तेविसावी झाली. परवां तो म्हणत होता कीं, कापसाची वेचणी निघाली आहे आणि पंधरा दिवसांसाठीं बायकोसह यवतमाळकडे जावें लागेल, न गेल्यास दिवाळीचें उधार फिटत नाहीं. जाऊं नकोस असें सांगणें आम्हांस शक्य नाहीं. पंधरा दिवसांच्या गोळ्या बरोबर मिळतील कीं तिकडच्या केंद्रावर त्याचें नांव कळवावें लागेल, हें विचारावयास आम्ही उद्यां सकाळीं आरोग्यकेंद्रावर जाणार आहों.